गप्प केलेला बोर्ड

थोरल्याला कुठल्याच वस्तूशी माणसासारखं वागता येत नसे. स्क्रू फिरला नाही की हातोडी. दार अडकलं की लाथ. बायको उलट बोलली की ताट भिंतीवर. आणि एकदा ताटाच्या जागी हातच चालवला, तेव्हा ती पोरांना घेऊन माहेरी गेली ती गेलीच. त्याची आई, मोठ्या बाई, हे सगळं गिऱ्हाइकांना स्वतःहून ऐकवायच्या. पण ऐकवताना मान ताठच.

"तापट आहे हो, काय करणार. पण हात चालतो त्याचा. आमची धाकटी आजारी माणसाची नाडी बघावी तशी एकेक बोर्ड बघत बसते, तोवर हा टेबल रिकामं करून मोकळा."

दुकान यंत्रांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करण्याचं. पुढे काचेचा काउंटर आणि बाई, मागच्या खोलीत दोन टेबलं: एक थोरल्याचं, एक धाकट्या लेकीचं. नवरा गेल्यावर बाईंनी हे दुकान नुसत्या तोंडाच्या जोरावर उभं ठेवलं होतं. शाळा तिसरीत सुटलेली. बोर्डातलं त्यांना ओ की ठो कळत नसे आणि कळत असल्याचं सोंगही त्या आणत नसत. पण दुकानातून गेलेला माल परत आला, की तो कपाळावर मारल्यासारखा लागायचा.

झाकणवाल्याचा बोर्ड तसा परत परत येत होता.

झाकणवाला म्हणजे मागच्या गल्लीतला, पत्र्याची झाकणं दाबून काढणाऱ्या कारखान्याचा मालक. बोर्ड त्याच्या प्रेसचा. मशीन मध्येच थांबायचं, क्षणभर मेल्यासारखं व्हायचं आणि आपलं आपणच पुन्हा सुरू व्हायचं.

"बाई, दिवसभर हेच चाललंय. माल अडलाय माझा. तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा."

"जीभ आवर," बाई म्हणाल्या. "इथून न झालेलं काम अजून कुणी बघितलेलं नाही."

थोरल्याने व्होल्टेज एकसारखं ठेवणारा रेग्युलेटर बदलला. टेबलावर बोर्ड ठणठणीत. प्रेसवर चढवला की पुन्हा तेच रडगाणं. धाकटी आपल्या टेबलावरून म्हणाली, "दादा, नुसत्या टेबलावर चालणारच की तो. प्रेसची मोठी कॉइल वीज ओढते ना, तेव्हा व्होल्टेज खाली बसतं. लोड लावून मोज. वीज साठवून धरणारा तो मोठा कपॅसिटर वाळलाय, बघ, वरून फुगलायसुद्धा."

"तू मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, दाखवते."

हातातला मीटर त्याने भिरकावला. धाकटीची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. बाई आत आल्या, दोघांकडे बघितलं, आणि लेकीच्या हातात फडकं देऊन म्हणाल्या, "तुलाच कशाला त्याच्या नादी लागायचं असतं गं? आपलं काम बघ."

लेक फडकं भुवईवर दाबून आपल्या टेबलाशी बसली. संध्याकाळी थोरल्याने बोर्ड फडक्यात गुंडाळून दिला. "आता नाही बंद पडायचा."

आणि खरंच नाही पडला. झाकणवाल्याचा फोन थांबला. बाईंनी शेजारच्या शिंप्यापासून कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं, "बघितलंत? बहीण म्हणत होती हे मोज, ते मोज. माझ्या थोरल्याने एका बैठकीत वठणीवर आणला."

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, काउंटरची काच फुटली.

बाई खुर्चीवरून उठेपर्यंत दुसरा घाव पडला. समोर एक बाई उभी होती, हातात लांब लोखंडी पाना, छातीपासून खाली कपडे रक्ताने चिकटलेले. रक्त तिचं नव्हतं. तिच्यामागे झाकणवाला धापा टाकत आला, काखेत तोच बोर्ड.

"कुठाय तो दुरुस्तीवाला? बाहेर काढा त्याला!"

"कोण गं तू? काच कुणाच्या बापाची?"

"प्रेसवर उभा असतो त्याची बायको!" ती किंचाळली. "डबा घेऊन गेले होते मी. डोळ्यांसमोर बघितलं. दोन्ही हातांनी पत्रा बसवत होता तो. बटणाला हात नव्हता त्याचा, कुणाचाच नव्हता! आणि प्रेस आली खाली. मनगटापासून... पत्र्यासारखा झालाय हात, पत्र्यासारखा!"

"नशेत उभा राहिला असेल," बाई म्हणाल्या.

ती बाई काउंटरवर थुंकली. मोठ्या बाईंनी तिच्या थोबाडीत मारली, अशी की आवाज रस्त्यापर्यंत गेला. तेवढ्यात थोरला आतून आला. त्या बाईने पाना फिरवला, तो त्याच्या खांद्यावर बसला. थोरल्याने तिचा गळा धरला आणि तिला लोखंडी कपाटावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. वरचे डबे धडाधड कोसळले, स्क्रू फरशीभर पांगले. झाकणवाला त्याच्या दंडाला लोंबकळला तरी त्याची बोटं सुटेनात.

"मारशील तिला!" धाकटी ओरडली. "आई, थांबव त्याला! बोर्ड द्या इकडे, मी लावून बघते!"

बाईंना हे पटलं. कारण त्यांना खात्रीच होती. "सोड रे तिला! धाकटे, लाव बोर्ड. सगळ्यांसमोर लाव. माझ्या पोराच्या कामात खोट नाही, हे या बयेला दिसू दे एकदाचं."

थोरल्याचा हात सुटला. "कशाला लावायला पाहिजे?" तो म्हणाला. आणि बाईंनी चमकून त्याच्याकडे बघितलं, कारण त्याचा आवाज चढला नव्हता.

धाकटीने तारा जोडल्या. प्रेसच्या जागी एक दिवा लावला. "हा पेटला की समजायचं प्रेस खाली आली. बटणापासून लांब राहा सगळे." मग ती बोर्डाचा मेंदू असलेल्या चिपला जाणारं व्होल्टेज हळूहळू खाली आणू लागली. आकडा पाच होता. साडेचार झाला. चारच्या खाली गेला.

"इथे चिपने थांबायला हवं होतं," ती म्हणाली. "वीज कमी पडली की सगळं सोडून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, अशी सोय, मागे ही चिप बसवली तेव्हा मीच तिच्यात घातली होती. म्हणून तर मशीन बंद पडायचं. बंद पडायचं, पण कुणाला इजा करत नव्हतं."

तिने आणखी थोडं खाली आणलं. कुणाचाही हात कशाला लागलेला नव्हता. दिवा लुकलुकला, आणि भक्कन पेटला.

कपाटाला टेकून बसलेल्या त्या बाईच्या गळ्यातून घरघर आली. रडणं म्हणवेना त्याला.

"सोय बंद केलीय कुणीतरी, म्हणून वीज अर्धवट मिळाली की चिप भलतेच हुकूम सोडतेय," धाकटी म्हणाली. "आणि वाळलेला कपॅसिटर जागच्या जागी आहे. दादा?"

"हो, केली बंद!" थोरला गरजला. "रोज फोन, रोज याचं रडगाणं, मशीन थांबतं, मशीन थांबतं. थांबवलं त्याचं थांबणं! त्याला तेच तर हवं होतं!" झाकणवाला मागे सरकला. खाली बघू लागला.

"आणि कपॅसिटर?" हे बाईंनी विचारलं. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "तो का नाही बदललास?"

"बोर्डभर डिंक ओतलाय तो बनवणाऱ्या लोकांनी. खरवडत कोण बसणार?"

एवढं बोलून त्याने हातोडी उचलली. बोर्डाचा भुगा झाला की संपलं, हे त्याच्या डोळ्यांत बाईंनी स्पष्ट वाचलं. धाकटीनेही वाचलं असावं. तिने पंजा बोर्डावर ठेवला. हातोडी आली ती तिच्या बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज लहान असतो, सुकी काडी मोडावी एवढाच; तो सगळ्यांनी ऐकला. लेकीने पंजा बोर्डावरून उचलला नाही.

आणि त्याने हातोडी पुन्हा वर नेली.

ती जखमी बाई पाना शोधून उठत होती. बाईंनी तो तिच्या हातातून हिसकून घेतला आणि पोटच्या पोराच्या कोपरावर हाणला. अंगात होतं तेवढं बळ लावून. हातोडी पडली. त्यांनी दुसरा गुडघ्यावर दिला. थोरला सांडलेल्या स्क्रूंवर कोसळला, कोपर पोटाशी धरून.

"आई! मला मारतेस? मला?"

झाकणवाल्याने आपलं उपरणं फाडून धाकटीच्या बोटांना गुंडाळायला घेतलं. मोठ्या बाईंनी त्याला दरडावलं, "ते झालं की पोलिसांना फोन लाव. इथूनच लाव, मला ऐकू येईल असा." मग त्या लेकाकडे वळल्या. पाना हातातच होता.

"तुलाच मारते, आणि उठलास तर अजून मारीन. तापट आहे, तापट आहे, असं गावभर सांगत फिरले मी. कसला तापट? आळशी आहेस तू. डिंक खरवडायला नको म्हणून एका माणसाचा हात घेतलास. बायकोचं ऐकून घ्यायला नको म्हणून तिला मारलंस. बहिणीला उत्तर देता येईना म्हणून तिची बोटं ठेचलीस. मारणं सोपं पडतं तुला, बाकी काही नाही. पोलीस आले की काय केलंस ते पहिल्यांदा मी सांगणार, ही बाई नंतर. तुरुंगात डबा पाठवीन, आई आहे मी. वकील पाठवणार नाही. आणि सुटून आलास की या दारात यायचं नाही. त्या माणसाच्या दारात जायचं, आणि त्याला जे जे हाताने करता येत नसेल, ते ते तू करायचं. तो नको म्हणेपर्यंत."