भरल्याशिवाय निघत नाही

उखाण्यात नाव घ्यायचे दिवस गेले, म्हणून सरळच सांगते. आमच्या खुशालरावांनी तीस वर्षं दर्यापूर-अमरावती जीप चालवली. जीप भरल्याशिवाय निघायची नाही, आणि भरली की नाही हे ठरवायचा हक्क फक्त त्यांचा. 'सरका, सरका जरासं' हा त्यांचा आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू जायचा. मग जो तो मोटरसायकलवाला झाला, जीपचं परमिट संपलं आणि या माणसाचा आवाजही संपला. चार वर्षं घरात नुसतं 'हं'. जेवता का? हं. भाजी अळणी झाली का? हं. भांडायला दोन माणसं लागतात हो, एकटीनं किती भांडायचं?

जीप गोठ्याजवळ उभी. मागच्या सीटवर आमची कोंबडी अंडी घालायची. आमचा अंकुर पुण्याहून आला, त्यानं ते पाहिलं आणि अमरावतीच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात बापाचं नाव घालून मोकळा झाला. कोंबडीला बेघर करून खुशालराव कामाला लागले. इंजिन खोललं, पत्रा ठोकला, गर्द हिरवा रंग दिला, सीटांना नवं रेग्झीन बसवलं. 'दर्यापूर-वलगाव-अमरावती' ही पाटीसुद्धा म्हाताऱ्या पेंटरला शोधून जशीच्या तशी लिहून घेतली. क्लबाच्या प्रदर्शनातल्या बक्षिसाची ढाल टांगायला बैठकीत खिळा ठोकला. बोलणं मात्र तेवढंच. ढालीची मला हाव नव्हती. मला माझं भांडणारं माणूस परत पाहिजे होतं. ढाल मिळाली की तरी तोंड उघडतील, एवढीच आशा होती.

प्रदर्शन वलगाव रस्त्यावरच्या मैदानात होतं. मधोमध चकचकीत फियाट, अॅम्बेसेडर, एक लांबलचक परदेशी मोटार, आणि पार कडेला, फाटकाजवळ, आमची जीप. टॅक्सीचीच गाडी ना, म्हणून. क्लबचे सचिव प्रीतमभाऊ यांनी भोवती दोरी बांधली.

"काकाजी, सीटवर कोणाले बसू देऊ नका. परीक्षक मॅडम अकोल्याहून येऊन राहिल्या. गाडी मूळ अवस्थेत दिसली पाहिजे. अन् निकालाच्या आधी फाटकाबाहेर गेली, तर बाद."

"हं," खुशालराव म्हणाले आणि चहा आणायला गेले.

मी फडकं घेऊन बोनेट पुसत होते. मागून खडखड झाली म्हणून पाहिलं, तर दोरीखालून वाकून एक बाई आत जाऊन बसलेली, मांडीवर ओल्या मेथीचा थैला.

"बाई, उतरा! हे पाहाले ठेवली हाय, जायाले नाही!"

"मंग पाटी कायले लावली?" बाई म्हणाली.

मी तिचा थैला ओढते तोवर रस्त्यावर बसची वाट पाहणारं एक जोडपं लेकराला घेऊन आलं आणि बसलं. आमच्याकडे दोन माणसं बसलेली जीप म्हणजे निघणारी जीप. बघता बघता कॉलेजची पोरं आली, कुदळ घेतलेले दोन बाप्ये आले. मी एकाला खाली ओढावं तर दुसऱ्या बाजूनं तिघं चढत. नव्या रेग्झीनवर चिखल, मेथीचं पाणी, लेकराच्या हातातलं बिस्कीट. दोन वर्षांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत मातीत चालली होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात खुशालराव दोन ग्लास चहा घेऊन आले आणि जागीच थबकले.

"खुशालभाऊ!" मेथीवाली आतून ओरडली. "कुठी होते बाप्पा इतके दिवस?"

ती वलगावची माणिकबाई, त्यांची जुनी सवारी. खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं. आता संतापतील म्हणून मी पदर तोंडाला लावला. त्यांनी ग्लास बोनेटवर ठेवले आणि एकदम आवाज फुटला.

"माणिकबाई, थैला पायाखाली घ्या! भाऊ, आडवे काहून बसले, तिरपे बसा! लेकराले मांडीवर घ्या. सरका, सरका जरासं!"

मैदानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी मात्र आता खरंच रडले. चार वर्षांनी ऐकला होता तो आवाज.

प्रीतमभाऊ धावत आले. त्यांच्यामागे परीक्षक गीतांजली मॅडम.

"गाडी मूळ अवस्थेत आहे ना?" मॅडमनी विचारलं.

खुशालरावांनी खच्चून भरलेल्या जीपकडे एक नजर टाकली. "आता झाली," ते म्हणाले.

मॅडम हसल्या. "मग निघत का नाही?"

"भरली कुठी, मॅडम? समोर एक सीट बाकी हाय."

मॅडमनी हातातले कागद पर्समध्ये कोंबले आणि पुढे जाऊन बसल्या.

"काकाजी, बाद होसान!" प्रीतमभाऊ कळवळून म्हणाले.

खुशालराव थांबले. त्यांना भिंतीवरचा खिळा आठवला असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि दोरी माझ्या हातानं सोडली.

जीप हॉर्न वाजवत वलगावच्या दिशेनं गेली. धूळ खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं की हातात दोरी, बगलेत फडकं, बोनेटवरून कसेबसे वाचवलेले चहाचे दोन ग्लास पायाशी, आणि मला इथंच विसरून माणूस निघून गेलाय. मी दोन्ही चहा पिऊन टाकले.

सवाऱ्या सोडून, फक्त मॅडमना घेऊन जीप परत आली तेव्हा मी कमरेला पदर खोचूनच उभी होते. "मले इथं सोडून गेले? लाज नाही वाटत?"

"मांगं कोणीतरी सारखं बडबडून राहिलं होतं," खुशालराव म्हणाले. "मले वाटलं, तूच हाय."

मग आम्ही दर्यापूरपर्यंत भांडत आलो. काय सुख होतं, सांगू!

ढाल फियाटला मिळाली. आमच्या खिळ्याला आता जीपची चावी असते. म्हणजे असायला पाहिजे. परमिट नाही म्हणून पैसे घेत नाहीत, पण कोणाची बस हुकली, कोणाला दवाखान्यात जायचं असलं, की यांची जीप तयार. खिळा बहुतेक वेळ रिकामाच दिसतो, आणि तो रिकामा दिसला की मला बरं वाटतं.