मी उमटलो, पण वाचले कोणी नाही

मित्रांनो, मी समाजकार्याच्या महाविद्यालयातला एक जुना शिक्का आहे. माझी मूठ लाकडी आहे आणि माझ्या रबरावर एकच शब्द कोरलेला आहे: 'तपासले'. हल्ली मी टेबलाच्या खालच्या खणात गंजक्या टाचण्यांबरोबर पडून असतो. माझी कहाणी गोड नाही. तरी ऐका.

या महाविद्यालयातली मुले आठवड्यातून दोन दिवस बाहेर जाऊन काम शिकतात; त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. कोणी इस्पितळात जाते, कोणी बालगृहात, कोणी वृद्धाश्रमात. दर भेटीनंतर मुलांनी अहवाल लिहायचा, मार्गदर्शक शिक्षकांनी तो वाचायचा, त्यावर मुलांशी बोलायचे आणि मगच मला उमटवायचे, असा नियम होता.

मला बनवून घेतले ते मोठ्या बाईंनी. त्या वेळी त्याच मार्गदर्शक होत्या. शिक्केवाल्याने मला कागदावर उमटवून दाखवले आणि म्हणाला, "घ्या बाई, शब्द छोटा आहे, पण वजनदार आहे." बाईंनी ते वजन सांभाळले. एकदा एका विद्यार्थ्याने घरभेटीचा सुंदर चारपानी अहवाल आणला. बाईंनी तो वाचला आणि विचारले, "त्या आजारी बाईंच्या घराचं दार आत उघडतं की बाहेर?" तो अहवाल परत मागू लागला. तो गेलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "मग आता जाऊन ये. शिक्का इथेच आहे, तो काही पळून जात नाही." तीन दिवसांनी तो दीड पानाचा खरा अहवाल घेऊन आला, तेव्हा बाईंनी मला उमटवले. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

बाईंनी एक शिस्त लावली होती. जे कळले नाही, ते शेवटच्या ओळीत प्रश्न म्हणून लिहायचे. मी नेमका त्या ओळीखाली पडत असे, त्यामुळे तेवढी एक ओळ मला नेहमी वाचायला मिळे.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. ते वाईट नव्हते. पहिला महिनाभर त्यांनीही वाचले. पण त्यांच्यावर बेचाळीस मुले, रोजचे तास आणि वरून मागितले जाणारे तक्ते. हळूहळू टेबलावर अहवालांचा ढीग साचला. एका दुपारी सरांनी मला शिपायाच्या हातात दिले. "सगळ्यांवर मार. शनिवारपर्यंत फाइल पूर्ण दिसली पाहिजे." धोब्याने कपडे आपटावेत तसा मी अहवालांवर आपटला जाऊ लागलो.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. फार शंका विचारते म्हणून मुले तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणत. तिला वृद्धाश्रमात पाठवले होते. तिथे कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. त्यांना स्वतःहून उठता येत नसे. तिच्या कुडत्याची निघालेली शिवण पाहून पहिल्याच दिवशी ते तिला रागावले होते, "असं धागे लोंबवत फिरतात का? सुई आण इकडे." तेव्हापासून तिचा त्यांच्यावर जीव जडला.

तिच्या एका अहवालाची शेवटची ओळ होती: "दुपारी चारनंतर काकांना पाणी देत नाहीत, कारण अंथरूण ओले होते. हे मी कोणाला सांगावे?" शिपायाने मला उमटवले. तपासले.

ती सरांच्या दाराशी आली. "सर, पाच मिनिटं बोलायचं होतं."

"आत्ता नको गं, बैठक आहे. अहवालात लिही, मी बघतो."

तिने लिहिले: "मी काकांना पाणी पाजले, तर व्यवस्थापक बाई म्हणाल्या, तू इथे शिकायला आलीस, शिकवायला नाही. माझे चुकले का?" तपासले.

पुढच्या आठवड्यात तिने लिहिले: "काकांची जीभ कोरडी पडली आहे. ते असंबद्ध बोलतात. सर, कृपया तुम्ही एकदा या." मला ओरडावेसे वाटले. पण शिक्क्याला एकच शब्द येतो. तपासले.

चार दिवसांनी शिंपीकाकांना इस्पितळात हलवले. दुसऱ्या दिवशी ते गेले. शरीरातले पाणी फार कमी झाले होते, असे डॉक्टरांनी सांगितले.

ती सरांसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "सर, तुम्ही वाचलं होतं ना?"

"हे बघ, माझ्याकडे बेचाळीस मुलं आहेत."

"पण शिक्का होता, सर. मला वाटलं, तुम्ही बघितलंय, म्हणजे तुम्ही काहीतरी करत असाल. म्हणून मी गप्प बसले."

सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "तू आधी स्वतःला सावर."

चौकशीला तिघांची समिती बसली. तिचे अहवाल पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत वाचले, पण तेव्हा काका नव्हते. वृद्धाश्रमाने लिहून दिले, "विद्यार्थिनीने आमच्याकडे लेखी तक्रार केली नाही." सरांनी लिहून दिले, "सर्व अहवाल वेळेवर हाताळले आहेत." दोन्ही वाक्ये खरी होती. समितीने दोष कोणालाच दिला नाही. एक सुधारणा मात्र सुचवली. 'तपासले' या शब्दाने गैरसमज होतो, तेव्हा यापुढे 'मिळाले' असा शिक्का वापरावा.

नवा शिक्का येईपर्यंत मीच कामाला होतो. तिला आता बालगृहात पाठवत होते. तिथल्या तिच्या प्रत्येक अहवालाची शेवटची ओळ एकच असे: "भेट पूर्ण. सर्व ठीक." एकही प्रश्न नाही. सरांनी त्यातला एक अहवाल वर्गात उंच धरून दाखवला. "बघा, असं नेमकं लिहायचं." वर्षाच्या शेवटी क्षेत्रकार्यात ती पहिली आली. महाविद्यालयात तिला दुसरे काय शिकवले कोण जाणे, पण गप्प बसायला मात्र आम्ही नीट शिकवले. त्यात माझाही हात आहे.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्याही हाती कुठला तरी शिक्का येईल, नाहीतर सही येईल. वाचायला वेळ नसेल तर तसे सांगा. त्यात लाज नाही. पण न वाचता उमटवू नका. ती जागा कोरी राहिली असती, तर ती मुलगी वाट पाहत बसली नसती. तिने दुसरे दार ठोठावले असते.