शुक्रवारपर्यंत उभं राहायचं

एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाने स्केटबोर्डवर चढू नये, हे मलाही कळतं. पण आमच्या स्पृहाने अटच घातली होती. शुक्रवारी ती कॉलेजसाठी पुण्याला निघणार होती आणि बॅगेत बोर्डला जागा नव्हती. तोवर मला त्यावर आधाराशिवाय दहा पावलांएवढं जाता आलं, तर बोर्ड घरी राहणार, नाहीतर शेजारच्या सदफला मिळणार. आपला बोर्ड धूळ खात पडलेला तिला चालणार नव्हता.

मला त्या फळीशी काय घेणं? पण तिच्या ओढीने तरी पोरगी सुट्टीत इथे बहरीनला येईल, अशी माझी वेडी आशा. आईबापासाठी येईल याची खात्री नव्हती. बारावीनंतर इथली मुलं जातात, ती जातातच.

पहिल्या दिवशी हॉलमधल्या गालिच्यावर मी झकास उभा राहिलो आणि स्मिताला, म्हणजे बायकोला, बोलावून फोटोही काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये बोर्ड एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. माझ्या बांधकाम साइटवरचं पिवळं हेल्मेट घातलं होतं म्हणून डोकं वाचलं. कंबर नाही वाचली. हौसेला मोल नसतं, मलमाला असतं, असं स्मिताने मलम चोळताना ऐकवलं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा प्रयत्न. जमीन अजून तापलेलीच होती. स्पृहाने माझे दोन्ही हात धरले आणि पाय कुठे ठेवायचा, गुडघे किती वाकवायचे, सगळं इंग्रजीत समजावलं. तिने हात धरलेले असले की मी ताठ. सोडले की आडवा. असा पाच वेळा पडलो.

"बाबा, तू माझ्याकडे बघतोस," ती चक्क मराठीत म्हणाली. "समोर बघ, मग नाही पडणार."

"नाही गं जमत. उद्यापासून समोरच बघायचंय."

बोर्ड घरी का हवा, ते सांगायचं राहूनच गेलं. ती माझ्याजवळ तशीच जमिनीवर बसली. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे घरीच. ती म्हणाली, सदफ रोज चालवेल.

शुक्रवारी विमानतळाकडे निघताना तिने सदफच्या दाराची बेल वाजवली. बोर्ड माझ्याच हातात होता. सदफने दोन्ही हात पुढे केले आणि मी तो देऊन टाकला.