छातीच्या उंचीवर

बाजीरावांनी अंजनाच्या खोडाभोवती टेप फिरवली, शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या उंचीला धरली आणि लेकीला म्हणाले, "वाच."

"चौसष्ट," दिशा म्हणाली.

"मागं पीळ पडलाय की टेपला. सिमरन, तू ये गं."

सिमरन वही ठेवून आली. पीळ सोडवून तिनं टेप सालीला बसवली. "साडेएकसष्ट, आबा."

"हां. आमची दिशा किराणा दुकानात बसली असती तर आठवड्यात कुलूप लागलं असतं!"

दोघं हसली. दिशाही हसली. जळोचीहून आणलेला मेथी-भाकरीचा डबा तिनं सावलीत ठेवला आणि तीन वाजायच्या आत ती परत निघाली.

कळंबच्या उघड्या माळावर बाजीरावांनी झाडं लावायला घेतली, तेव्हा ती दहावीत होती. तिच्या निकालाच्या दिवशीही ते खड्डे खणत होते. एकोणीस वर्षांत तिथं जंगल उभं राहिलं. दरवर्षी खोडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, त्यावरून झाडांनी किती कार्बन धरून ठेवलाय ते काढायचं आणि आकडे पुण्याच्या संस्थेला पाठवायचे. गावातल्या लियाकतभाईंची लेक सिमरन वनस्पतिशास्त्र शिकून आली, तेव्हापासून वही तिच्याकडं होती. दिशाला ती कधी कुणी धरायला सांगितली नव्हती.

अंजन मोजल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाजीराव झोपेतच गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि सिमरन दारात आली. हातात एक काठी, काठीला लाल दोरा बांधलेला.

"शंभरएक झाडं राहिलीत, ताई. टेप धरायला याल?"

दिशा गेली. त्याच अंजनापाशी सिमरननं काठी जमिनीवर उभी केली आणि दोऱ्याच्या उंचीला टेप लावली. साठ.

"तेव्हा तर साडेएकसष्ट होतं."

सिमरननं टेप सोडली नाही. "आबा बटणावर मोजायचे. आधी ते बरोबर उंचीला यायचं. पण तीन वर्षांत ते वाकले, ताई. बटण चार बोटं खाली आलं. खाली खोड जाड असतं."

"तुला माहीत होतं?"

"व्हय. मागच्या साली काठी आणली होती. 'मी काय वाकलोय व्हय गं?' म्हणाले. मग परत काढलीच न्हाय. तीन वर्षांचे आकडे खाली येतील. जंगल कमी भरेल. तुमी म्हणाल तसं करू."

हे जंगल कमी भरावं असं दिशाला किती वेळा वाटलं होतं. आता ते तिच्या एका शब्दावर होतं. ती वडिलांची पाठ आठवू लागली. त्यांच्या गोळ्या आठवल्या, चष्म्याचा नंबर आठवला, डब्यात तिखट कमी घालायचं तेही आठवलं. पाठ काही केल्या आठवेना.

"दुरुस्त कर," ती म्हणाली. "खोटं माप त्यांना चाललं नसतं."

सिमरननं मान हलवली आणि वही उघडली. दिशानं टेपचं टोक घट्ट धरलं होतं.

"सिमरन."

"काय, ताई?"

"मला तुझा हेवा वाटायचा. पहिल्या दिवसापासून." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला, पण तिनं तो खाली आणला नाही. "आज तर जास्तच वाटतोय. माझ्या बापाची पाठ वाकलेली तुला दिसली."