रंग उतरवणारा थेंब

मी एक डोसिंग पंप बोलतोय. हिंगण्याला सूत रंगवून कापड विणायचा एक लहानसा कारखाना आहे, तिथल्या भिंतीवर मी बसतो आणि दिवसभर टकटक करत हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडतो. अंगाने तांब्याएवढा, पण तोरा मोठा.

शेजारी ओझोनचं यंत्र घुमत असतं. रंगाईचं लाल पाणी टाकीत आलं की ते ओझोनचे बुडबुडे सोडतं आणि मी माझे थेंब. दोघांच्या भेटीतून क्षणभर जगणारा एक तापट कण जन्मतो आणि रंगाचे तुकडे करतो. निवळलेलं पाणी पुन्हा रंगाईला जातं. एकट्या ओझोनला हे इतकं साधत नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

माझी देखभाल बाबूलालकाकांकडे. उमरेडला त्यांच्या घरी हातमाग होते, सुताची रंगाईही घरचीच. माग थांबले आणि काका इथे आले. फार मायेचा माणूस.

या उन्हाळ्यात नवा गडद लाल रंग आला आणि पाणी गुलाबीच राहू लागलं. मालक चंपतराव म्हणाले, "शनिवारपर्यंत पाणी साफ नाही झालं तर इथली रंगाई बंद. सूत बाहेरूनच रंगवून आणू." म्हणजे काकांचं काम गेलंच. मला धडकी भरली.

काकांनी घरची रीत लावली. रंग फिका बसला की कढईत आणखी एक मूठ टाकायची, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. त्यांनी थेंबांचा वेग ठरवणारी माझी कळ वाढवली, मग आणखी वाढवली. मीही जीव तोडून थेंब सोडले. पाणी उलट जास्तच गुलाबी दिसू लागलं.

शुक्रवारी प्रयोगशाळेतल्या हर्षाने पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. ती गर्द निळी झाली.

"काका, पेरॉक्साइड उरून राहिलं पाण्यात. तुम्ही वाढवलं काय?"

"वाढवलं ना. रंग जात नाही म्हटल्यावर जास्तच टाकावं लागन."

"लय झालं की तो कण रंग सोडून पेरॉक्साइडच्याच मागे लागते. ओझोन थोडा वाढवू, हे कमी करा."

"रंग गडद अन् दवा कमी? काहून वं, माझी मजाक करून राहिली काय?"

"करून तर पाहा."

काकांचा हात कळेवर बराच वेळ अडला. मग त्यांनी ती खाली आणली. त्यांना ते किती जड गेलं, ते मला कळलं.

शनिवारी चंपतरावांसमोर काकांनी पांढऱ्या सुताची लड टाकीच्या पाण्यात बुडवून पिळली. ती पांढरीच निघाली. चंपतरावांनी लड उजेडात धरून पाहिली आणि त्याच पाण्यात सूत फिक्या पिवळ्या रंगात रंगवायला सांगितलं.

"बापानं मले रंग पक्का बसवाले शिकवलं," काका हर्षाला म्हणाले, "अन् आज रंग गेला म्हणून मी खुश होऊन राहिलो."

मी मजेत आहे. एकच मागणं आहे, मंडळी. संकट आलं म्हणून माझी कळ वाढवू नका. माझ्या थोड्याशा थेंबांवर काकांची भाकरी नीट चालली आहे.