ओद्नीचा पासवर्ड

"परत जुनाच टाकला मेल्यानं!" ओद्नी स्वयंपाकघरातून ओरडली.

मी कॉफीचा कप घेऊन तिच्या मागे जाऊन उभी राहिले. लॅपटॉपवर लाल अक्षरांत तेच वाक्य होतं : पासवर्ड चुकीचा आहे. वरच्या कोपऱ्यात पासवर्ड लक्षात ठेवणाऱ्या त्या एक्स्टेन्शनचं छोटंसं कुलूप मात्र हिरवंगार, कामगिरी फत्ते केल्यासारखं.

"तू काल बदललास ना?"

"काल बदलला. आज सकाळी परत बदलला. दर वेळी विचारतंय, अपडेट करू का. मी म्हणते, कर बाबा. आणि पुन्हा पहिलाच आणून चिकटवतंय. आपल्या मोठ्या आत्याची आठवण येते बघ. सगळ्याला हो हो म्हणायची आणि करायची तेच जे तिला करायचंय."

मी हसले. ती हसली नाही.

ओद्नी माझी थोरली बहीण. आमच्या गावच्या बंदरावर ती माशांचं वजन करते. बोट लागली की टोपल्या काट्यावर येतात, ओद्नी आकडा वाचते, शिक्का मारते, पुढची टोपली. थंडीत बोटं बधिर झाली तरी आणि खलाशी शिव्या घालत असले तरी तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. आमचे बाबा म्हणत, ओद्नीला राग आला तर समुद्र आटेल. त्या सकाळी माझ्या राजधानीतल्या, रेक्याविकच्या फ्लॅटमध्ये तिनं माऊस टेबलावर आपटला, तेव्हा बाबा आतल्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभे राहिले.

गाव रिकामं होऊन तीन आठवडे झाले होते. आधी जमीन हादरत राहिली, मग फुटबॉलच्या मैदानातून एक भेग गेली, आणि एका दुपारी सगळ्यांना निघायला सांगितलं. ओद्नी आणि बाबा माझ्याकडे आले. केटिल, म्हणजे ओद्नीचा नवरा, तेव्हा मासेमारीच्या ट्रॉलरवर पार उत्तरेला होता, अजूनही होता. मग गावामागचा डोंगर फुटला आणि लाव्हा खाली उतरायला लागला. लोकांनी बांध घातले होते. त्यांनी दोन दिवस त्याला अडवलं. तिसऱ्या दिवशी त्याला वाट सापडली.

सामान आणायला थोडा वेळ आत सोडत होते. एका घराला एक गाडी, दोन तास. पण परवाना पालिकेच्या साइटवरूनच घ्यायचा, फोनवर आलेला कोड नाक्यावर दाखवायचा. खाती सुरक्षित राहावीत म्हणून पालिकेनं सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले होते, आणि घोळ तिथून सुरू झाला होता. घर ओद्नीच्या नावावर होतं, त्यामुळे माझ्या खात्याचा उपयोग नव्हता.

बाबांनी एका शब्दानं काही मागितलं नव्हतं. फक्त आदल्या दिवशी त्यांनी आपले बूट पुसून माझ्या दाराशी ठेवले होते, टाचा भिंतीकडे, निघायच्या तयारीत. ते घर त्यांनी स्वतः बांधलं होतं. जाळी विणायचं काम आणि सुट्टीच्या दिवशी घराचं काम, अशी कित्येक वर्षं. आता तज्ज्ञ सांगत होते की आमच्या गल्लीपर्यंत लाव्हा संध्याकाळपर्यंत पोचेल.

ओद्नीनं केटिलला फोन लावला. जहाजावरचा फोन, प्रत्येक वाक्य उशिरा पोचायचं.

"अगं सोप्पं आहे," केटिलचा आवाज आला. "मी लावून दिलंय ना ते. नवीन पासवर्ड टाकलास की ते विचारतं, अपडेट म्हणायचं."

"म्हटलं."

"मग झालं की."

"झालं असतं तर तुला फोन केला असता का मी? पहिल्यांदा मी अपडेट म्हणायच्या आत पान उडालं आणि ती चौकटच गेली. आता तो पासवर्ड त्यानंच बनवलेला, माझ्या डोक्यात नाही, त्याच्याही डोक्यात नाही! मग मेलवरून दुसरा केला. तर जुन्याच्या जागी ठेवायचा सोडून त्यानं शेजारी नवीन ठेवला. आता एकाच नावाचे चार आहेत माझ्यापुढे."

खरखर झाली. मग केटिल म्हणाला, "मग तुझा नेहमीचाच टाक ना, कुत्र्याच्या नावाचा."

"त्या कुत्र्याच्या नावावरनंच तू मला ऐकवून ऐकवून हे बसवायला लावलंस!"

"ओद्नी, ऐक—"

"तू तुझे कॉड मासे पकड," असं म्हणून तिनं फोन ठेवला. पण लगेच तिचा चेहरा उतरला. घर त्याचंही होतं, आणि तो एवढ्या लांब पाण्यात उभा होता.

तिनं पुन्हा एकदा प्रयत्न केला. चारांतला तिसरा निवडला. पान क्षणभर थांबलं आणि म्हणालं, खूप वेळा चूक झाली, खातं तासाभरासाठी बंद.

मग तिनं मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. खूप वेळानं एका बाईनं उचलला. आवाज दमलेला.

"परवाना साइटवरूनच घ्यावा लागेल हो," बाई म्हणाली.

"पण साइटच मला आत घेत नाहीये."

"कळतंय मला. सकाळपासून निम्मे फोन हेच. खातं उघडलं की पुन्हा करून बघा. दुपारच्या काही जागा आहेत अजून. मला इथनं देता येत नाही, खरंच. येत असता तर दिला असता. मी पण गावातलीच आहे."

"कुठे राहता?"

"चर्चच्या मागे."

ओद्नीनं माझ्याकडे पाहिलं. चर्चच्या मागची घरं आदल्या रात्रीच गेली होती, आम्ही ते टीव्हीवर पाहिलं होतं.

"आणि तू आज कामावर आलीस?" ओद्नीनं विचारलं. कधी 'तुम्ही' गळून पडलं तिलाही कळलं नाही.

"घरी बसून काय करू? म्हणजे, बहिणीच्या घरी."

"बरं. माझं मी बघते. तू दुसऱ्यांचे फोन घे. आणि काहीतरी खाऊन घे गं."

फोन ठेवून ती हाताच्या तळव्यांनी डोळे चोळत राहिली. मी राईचा पाव कापला, लोणी लावलं. बाबा टेबलापाशी येऊन बसले आणि चष्मा लावून पडद्याकडे वाकले. एक्स्टेन्शननं बनवलेला एक पासवर्ड तिथे उघडा दिसत होता, अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळी एकमेकांत घुसलेली.

"हा कुठल्या भाषेतला शब्द?"

"कुठल्याच नाही बाबा. मशीन बनवतं."

"म्हणजे हा शब्द याआधी कुणी कधी म्हटलाच नाही?"

"नसणार."

"आणि पुढेही कोणी म्हणणार नाही."

"नाही."

बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "बाप रे," ते हळूच म्हणाले. "एका दारासाठी अख्खा नवा शब्द." त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. चर्चमध्ये बोलतात तसं बोलले ते.

ओद्नीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आता ती घाई करत नव्हती. बंदरावर काट्यापुढे उभी राहते तशी ती खांदे सैल सोडून बसली.

"वेदीस," ती मला म्हणाली, "मी उलटं करतेय सगळं. दर वेळी आधी कुलूप बदलते आणि मग किल्ली ठेवायला धावते. तेवढ्यात दार लागतं. आधी किल्ली ठेवायला पाहिजे."

तिनं साइट बंदच केली. पासवर्डांची तिजोरी उघडली, एकाच नावाच्या त्या चार ओळी पाहिल्या आणि त्यांतल्या तीन पुसल्या. प्रत्येक वेळी ते विचारत होतं, नक्की पुसायचं? पहिल्यांदा तिचं बोट थांबलं, मी पाहिलं. मग नाही थांबलं. उरलेल्या चौथ्या ओळीवर पेन्सिलचं चित्र होतं. त्यावर टिचकी मारून तिनं जुना पासवर्ड खोडला, नवा बनवून घेतला, आधी तिथेच जपून ठेवला. जपला गेलाय ना, ते बंद करून, उघडून पाहिलं. तास संपल्यावर मेलवरून पासवर्ड बदलायचं पान उघडलं आणि तोच शब्द दोन्ही रकान्यांत चिकटवला. चौकट वर आली : अपडेट करायचा का? "नको," ओद्नी म्हणाली आणि ती चौकट बंद केली.

मग बाहेर पडून पुन्हा आत जायचा प्रयत्न. पान फिरत राहिलं.

आमचं नाव, आमचा पत्ता आणि गल्लीचा नकाशा पडद्यावर आला. तिनं दुपारची जागा निवडली. परवाना : दुपारी, तीन व्यक्ती, एक गाडी.

ओद्नीनं टेबलावर डोकं टेकलं. बाबा उठून दाराशी गेले आणि बूट घालायला लागले.

नाक्यावर पोलिसानं कोड बघितला, मास्क दिले आणि म्हणाला, "वारा फिरला आणि भोंगा वाजला तर जे हातात असेल ते टाकून निघायचं. वाद नाही."

"वाद कुणाशी घालणार?" बाबा म्हणाले.

मे महिन्याचं लख्ख ऊन होतं. गावात कुत्रं नाही, पोर नाही. दोरीवर कुणाचे तरी कपडे तसेच वाळून कडक झालेले. आमच्या गल्लीत वळलो आणि मी गाडी थांबवली. मला थांबवावीच लागली.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला रस्ता संपत होता. तिथे घराएवढी उंच काळी भिंत उभी होती, आणि ती भिंत जिवंत होती. आधी वाटलं, ती हलत नाहीये. मग तिच्या माथ्यावरचा एक दगड सुटून गडगडत खाली आला, आणि जिथून तो सुटला तिथे आतलं केशरी उजेडासारखं दिसलं. आवाज मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. गर्जना नाही, काही नाही. कुणीतरी दूरच्या खोलीत काचेची भांडी एकेक करून फोडत बसावं तसा किणकिणाट. गाल तापले. शेजाऱ्यांच्या टोमॅटोच्या काचघराला ती भिंत टेकली, आणि काचघर एखाद्या माणसासारखं हळूच खाली बसलं.

मला वाटलं होतं मी रडेन. रडूच आलं नाही. एवढं मोठं काही माझ्यासमोर चाललं होतं की माझं दुःख त्यापुढे काढायला लाज वाटावी.

ओद्नी सगळ्यात आधी भानावर आली. "चल, दोन तासच आहेत," असं म्हणून ती घरात शिरली. आम्ही आईचे लोकरीचे गालिचे काढले, केटिलची बासरी, कपडे, मोठी पातेली, भिंतीवरचं घड्याळ. ओद्नी काय सोडायचं ते बोलून ठरवत होती, मोठ्यानं, शांतपणे : "हे नको. हे हवं. हे नको."

बाबांनी काहीच उचललं नाही. ते अंगणाच्या कडेला उभे राहून त्या भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्यापाशी गेले. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला होता.

"बाबा, मास्क लावा."

"लावतो. वेदीस, बघ ना. ती तिथे जी आत्ता पडली, ती ढेप. अर्ध्या तासापूर्वी ती नव्हतीच. आयुष्यभर मी माझ्या आधीपासून असलेल्या जमिनीवर चाललो. माझ्यापेक्षा लहान जमीन आज पहिल्यांदा बघतोय."

"तुमचं घर खाणार आहे ती."

"हो, खाणार." ते थोडा वेळ थांबले. "पण एवढं भव्य काही माझ्या दाराशी येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं."

त्या संध्याकाळी घर गेलं. आधी स्वयंपाकघराची बाजू, मग सगळं. केटिलला ओद्नीनंच फोनवर सांगितलं, आणि या वेळी तिनं फोन लगेच ठेवला नाही. पण ते नंतर.

त्या दुपारी गाडी भरून झाली आणि मी हाक मारली, तेव्हा बाबा अंगणात नव्हते. ओद्नी घाबरून घराच्या पुढच्या बाजूला धावली, मी तिच्या मागे. बाबा पुढच्या दारापाशी होते. मागच्या खोपटातून खराटा आणून ते पायऱ्यांवरची राख झाडत होते. वरच्या पायरीपासून सुरुवात करून एकेक पायरी, कोपऱ्यांसकट.

"बाबा, अहो काय करताय?" ओद्नी म्हणाली. "आता कोण येणार आहे इथे?"

बाबांनी गल्लीच्या टोकाच्या लाव्हाकडे मान वळवली. "येतोय की तो."

त्यांची शेवटची पायरी होईपर्यंत ओद्नी तिथेच उभी राहिली. त्यांनी खराटा भिंतीला नीट टेकवून ठेवला, हात पँटला पुसले आणि गाडीकडे चालायला लागले. झाडलेल्या पायऱ्यांवर वरून पुन्हा बारीक, काळी राख उतरायला लागली होती.