उघडी राहिलेली नळी

धाकट्या बहिणीचे हातपाय राहून राहून आखडत होते, रक्तात मॅग्नेशियम कमी पडलं की आखडतात तसे, आणि डॉक्टर म्हणत होते, मॅग्नेशियम अगदी नॉर्मल आहे. थोरलीचं डोकंच फिरलं. त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये केस पांढरे केलेली बाई ती. तिला कोण शेंडी लावणार?

“अहो, तुम्ही बघताय ते एकूण,” ती म्हणाली. “त्यातलं काही प्रथिनांना चिकटून बसलेलं असतं. कामाला येतं ते मोकळं. तेवढं मोजू द्या मला.”

“मोजा बाई, पण जपून,” डॉक्टरांनी हात जोडले. “तिची किडनी नाजूक आहे. गरज नसताना मॅग्नेशियम दिलं तर अंगात साठेल, श्वास बंद पडेल.”

रक्त आलं, सीरम वेगळं झालं. पण मशीन तयार होईपर्यंत हिला कुठला दम! तेवढाच वेळ वाचेल म्हणून नळीचं झाकण आधीच काढून ठेवलं. खिडकीपाशी गेली, परत आली, मशीनला शिव्या हासडल्या, बसली, उठली. शेवटी आकडा आला. मोकळं मॅग्नेशियम कमी! ती धावतच वॉर्डात गेली.

“मी सांगत नव्हते? सापडलं!”

धाकटी कितीतरी दिवसांनी हसली. डॉक्टरांनी सलाईनमधून मॅग्नेशियम द्यायला सांगितलं.

लॅबमध्ये परतून थोरली टेबल आवरायला लागली आणि ती उघडी नळी तिच्या नजरेस पडली. अगं बाई! नळी उघडी राहिली की सीरममधला वायू उडतो, आम्लता घटते आणि मोकळं मॅग्नेशियम प्रथिनांना जाऊन चिकटतं. नव्या पोरींना ती हेच घसा फोडून सांगायची. जिना कसा चढली, तिचं तिला ठाऊक.

नर्स सलाईन जोडतच होती.

“थांबा! आकडा खोटा आहे. माझ्यामुळे.”

पुन्हा रक्त घेतलं. या वेळी झाकण शेवटच्या क्षणी उघडलं. मोकळं मॅग्नेशियमही नॉर्मल निघालं.

“ताई, सापडलं म्हणालीस ना?” धाकटीने विचारलं.

“नाही गं. चुकलं माझं.” थोरलीला रडू आवरेना.

“मग मला झालंय तरी काय?”

“माहीत नाही.”

धाकटीचा हात पुन्हा आखडायला लागला. थोरलीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“मग इथे रडत काय बसलीस?” धाकटी दात आवळून म्हणाली. “जा, दुसरं काहीतरी मोज. लवकर.”